पहिलं वाचन कुणासमोर करायचं?

'कल्पना सुचली की लगेच चारचौघांत मांडा' असा सल्ला एका लेखात वाचला, तो मला अर्धाच पटला. मांडायची, पण कुणासमोर, हे आधी ठरवायला हवं.

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रेला मराठी नाटक होतंच. गावातलं कुणी नवी संहिता लिहितं आणि पहिल्याच वाचनाला अख्खं मंडळ जमतं. दुसरा अंक अजून कागदावर नसतो, तोवर 'हे लोकांना झेपणार नाही' असा निकाल लागतो. मग पुन्हा तेच जुनं ऐतिहासिक नाटक. चांगली लिहिणारी मुलं अशी गप्प झालेली पाहिली की फार वाईट वाटतं. कुळागरात, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीच्या बागेत, रोपाला आधी केळीची सावली देतात, ती उगाच नाही.

ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरातकाराने विचारमंथनाचे (गटाने बसून कल्पना सुचवण्याचे) नियम मांडले, त्यात 'आधी टीका नको' हा महत्त्वाचा. पण 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात, चौघांच्या गटापेक्षा एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. म्हणजे सुरुवातीचा एकांतही मोलाचा.

म्हणून पहिला खर्डा दोघा-तिघा जाणत्यांनाच वाचून दाखवावा. 'कसं वाटलं?' असं विचारू नये, त्यावर 'बरं आसा' एवढंच मिळतं. कुठे कंटाळा आला, कुठलं पात्र कळलं नाही, हे विचारावं. उत्तर लिहून घ्यावं आणि त्याच क्षणी वाद घालू नये. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे नक्की काहीतरी अडतंय. मात्र उपाय त्यांनी सुचवलेलाच करावा असं नाही, तो लेखकानेच शोधावा. मंडळाला बोलवायचं ते त्यानंतर, तालमीआधी.