इंका ट्रेलला परमिट लागतंच, गाइडही लागतो

पेरूला जायचं ठरवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय की इंका ट्रेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या ट्रेकसारखाच, सॅक टाकायची पाठीवर आणि निघायचं, परमिट-गाइड वगैरे एजंटांचे पैसे काढायचे धंदे. साफ चुकीचं आहे हे.

माचू पिचूला, म्हणजे इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या शहराला, जाणाऱ्या त्या ४ दिवसांच्या वाटेवर दिवसाला ५०० च लोक सोडतात, तेही गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे धरून, म्हणजे टुरिस्टच्या वाट्याला साधारण २०० जागा येतात, आणि परमिट लायसन्सवाल्या ऑपरेटरकडूनच मिळतं, चेकपोस्टवर पासपोर्टशी जुळवून बघतात, दुसऱ्याला देता येत नाही. फेब्रुवारीत ट्रेल बंदच असतो.

हे उगाच नाही केलेलं. आधी गर्दीने दगडी पायऱ्या झिजत होत्या, कचरा साचत होता आणि पोर्टरांवर वाट्टेल तेवढं ओझं लादायचे, आता कायद्याने २० किलोच्या वर देता येत नाही. या पोर्टरांतले बरेचसे केचुआ ही तिथली मूळ भाषा बोलणारे शेतकरी आहेत, त्यामुळे सगळ्यात स्वस्त पॅकेज बुक करण्याआधी त्यांना किती पैसे मिळतात ते विचाराच, प्लीज.

परमिट संपली असतील तर माचू पिचूकडेच जाणारा साल्कान्ताय ट्रेक करा, त्याला हे परमिट लागत नाही, पण खिंड ४६०० मीटरच्या वर आहे, आधी उंचीची सवय व्हायला जवळच्या कुस्को शहरात दोन-तीन दिवस राहा. माचू पिचूचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं.