हमीपत्र आम्हीच द्यायचं?

पुन्हा तेच! जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीत प्रवेश, मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर आधीच टाइप करून ठेवलेलं हमीपत्र. पालकांनी फक्त सही ठोकायची. पाचशेचा स्टॅम्प पेपरही त्यांनीच आणायचा. मजकूर असा: पाल्यास शाळेत इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. पाल्यामुळे इतर विद्यार्थ्यांच्या अध्ययनात व्यत्यय आल्यास पालक स्वखुशीने दाखला काढून घेतील. शाळेच्या पूर्ण वेळात पालकांपैकी एक जण हजर राहील. खाली दोन साक्षीदार. पोराला शाळेत घालताय की घराचं खरेदीखत करताय?

एकेक वाक्य घेऊ, कारण एकदम सगळं घेतलं तर गोळी घ्यावी लागेल.

इजा. भिंतीवरून उड्या मारून हात मोडून घेणाऱ्या बाकीच्या साठ पोरांच्या आईबापांकडून हमीपत्र घेतलंय का? नाही ना? मग फक्त याच मुलाच्या प्रवेशाला वेगळी अट लावणं म्हणजे सरळसरळ भेदभाव. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६: शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत सुगम करायची, गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या. आणि समजा पालकांनी सही केलीच, तरी त्या कागदाची किंमत स्टॅम्पएवढीसुद्धा नाही. कायद्याची तरतूदच निष्फळ करणारा करार रद्दबातल असतो, भारतीय करार कायदा १८७२, कलम २३. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेवर असते, ती बापाच्या सहीने पुसली जात नाही. हे टाइप करणाऱ्याला माहीत नसेल असं वाटत नाही. त्याला कागद कोर्टासाठी नकोच आहे, त्याला तो बापाला घाबरवायला हवा आहे. उद्या बाप तक्रार घेऊन आला की ड्रॉवरमधून काढून समोर धरायचा. चालतो मस्त.

दाखला. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ ची दुरुस्ती फक्त नापास करण्यापुरती होती, काढून टाकण्यावरची बंदी जशीच्या तशी आहे. काढता येत नाही म्हणूनच तर "स्वखुशीने" आलं. तुमची खुशी आम्ही टाइप करून ठेवलीय, या आणि सही करा! आणि व्यत्यय ठरवणार कोण? ज्या बाईंना मुलाचं लाळ गाळणं "बघवत नाही" त्याच ना?

आणि सगळ्यात संतापजनक ते तिसरं. पूर्ण वेळ पालक हजर! बाप रोजंदारीवर, आई दुसऱ्याच्या शेतात. दोघांपैकी एकाची मजुरी रोज बुडवायची, तेव्हा "मोफत" शिक्षण मिळणार. विचारलं का हो, पालक कशाला हवेत? उत्तर ठरलेलं: "संडासला कोण नेणार?" जाऊन बघा तो संडास. दार जेमतेम ६० सेंटिमीटर, आत उघडणारं, पुढे उंबरा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, दार बाहेर उघडणारं, कमोडच्या बाजूला धरायला दांडे, आत खुर्ची फिरायला दीड मीटरची जागा, एवढं केलं तर बरीच मुलं स्वतःचं स्वतः उरकतात किंवा सेविकेच्या थोड्याशा मदतीने निभतं. प्रश्न दाराचा, शिक्षा आईला. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत मदतनीस भत्ता आहे, वाहतूक भत्ता आहे. जास्त आधार लागणाऱ्या मुलाची आणि त्याच्या मदतनिसाची वाहतूक सोय तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्येच लिहिलीय. त्याचे प्रस्ताव वेळेत जात नाहीत आणि मग "निधी आला नाही" हे पालकांना ऐकवायचं. प्रस्तावच गेला नाही तर निधी काय वाट चुकून येणार?

म्हणून सांगतो, सही करू नका. आणि तोंडी भांडत बसू नका, तोंडी नकाराला तोंडी भांडण म्हणजे शाळेची चांदी. अर्ज दोन प्रतींत. मुलाचं नाव, वय, इयत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार, कोणत्या सोयी लागतील ते नेमकं, आणि शेवटी एक ओळ: "प्रवेश नाकारत असल्यास किंवा हमीपत्राची अट घालत असल्यास ती कोणत्या कलमानुसार, हे लेखी कळवावे." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच देत नाहीत? स्पीड पोस्टने पाठवा, पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. लेखी मागितलं की निम्मी हमीपत्रं ड्रॉवरमध्ये परत जातात. आणि कृपा करून अर्जाची सुरुवात "मेहेरबान साहेबांच्या सेवेशी" आणि शेवट "उपकार व्हावेत" असा करू नका. ज्या दिवशी हक्काच्या अर्जातून "मानवतेच्या दृष्टिकोनातून" हे शब्द हद्दपार होतील त्या दिवशी पेढे वाटीन.

आता सुरू झालंच आहे तर रॅम्प.

शाळेचं जोतं ४५ सेंटिमीटर धरा. उतार एकास बारा (एक उंचीला बारा लांबी), म्हणजे रॅम्प किमान ५.४ मीटर लांब. शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. दोन्ही बाजूंना कठडा, ७६ आणि ९० सेंटिमीटर अशा दोन उंचीवर. हे पाढ्याचं गणित आहे, चौथीतला पोरगा करेल. प्रत्यक्षात काय? दोन मीटरमध्ये उरकलेली घसरगुंडी. व्हीलचेअर ढकलणारा दमला की खुर्ची त्याच्याच अंगावर. वर गुळगुळीत टाइल, पावसात तर देवच वाली. रॅम्प संपतो तिथे दहा सेंटिमीटरची पायरी, कारण गवंड्याचं आणि अभियंत्याचं बोलणं झालं नव्हतं. आणि उरलेल्या जागेत गुरुजींची मोटारसायकल, सावली असते ना तिथे. पण शाळेची माहिती सरकारला कळवायच्या यूडायस फॉर्ममध्ये "रॅम्प आहे का?" समोर "होय". सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा, तीन महिन्यांत. मोटारसायकलला कुणी कळवलेलं दिसत नाही.

जरा थांबतो. इतका वेळ कलमं फेकतोय, पण ही वाचणार कोण? ज्यांना ती आधीच तोंडपाठ आहेत तेच. बाकीच्यांना राग आला की शिव्या सुचतात, मला उताराचं गुणोत्तर सुचतं. लग्नात पंगतीला शेजारी बसलेला माणूस एकास बारा ऐकून हात धुवायला म्हणून उठतो तो परत येत नाही. नातेवाईक आता "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न विचारायचेच बंद झालेत. असो. थांबलो म्हणजे संपलं नाही.

चाळीस टक्के दिव्यांगत्व असेल तरच सवलत! हा आकडा कुठल्या मास्तरने कुठल्या मास्तरच्या कानात सांगितला देव जाणे. पांढरं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) दिसलं की "हे चालत नाही". अहो, कार्ड तीन रंगांचं केलंय कशासाठी? चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशी पिवळं, ऐंशी आणि वर निळं. पांढऱ्या कार्डाचा धारकही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगच. पुढची कलमं त्याच कायद्याची. सहा ते अठरा वर्षांच्या मोफत शिक्षणाला (कलम ३१) आणि उच्च शिक्षणातल्या पाच टक्के आरक्षणाला (कलम ३२) चाळीस लागतात, बरोबर. पण परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे कलम १७ मध्ये आहे आणि तिथे "दिव्यांग विद्यार्थी" एवढंच म्हटलंय, टक्का नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, सर्वोच्च न्यायालय, ११ फेब्रुवारी २०२१: लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. मग १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. इतकी वर्षं झाली तरी परीक्षा केंद्रावरच्या साहेबांचा चेहरा असा, जणू आत्ताच छापून आलंय.

जादा वेळेचं गणितही तसंच. तासाला वीस मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं. "दहा मिनिटं वाढवून देऊ हं बाळा" हे बाळाला नकोय. गडबड कुठे होते तेही ठरलेलं: शाळा बोर्डाचा ऑनलाइन फॉर्म भरताना दिव्यांगत्वाचा रकाना रिकामा सोडते, विभागीय मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव जातच नाही, केंद्रसंचालकाच्या यादीत नाव नाही, आणि घंटा झाली की पर्यवेक्षक पेपर ओढतो. म्हणून फॉर्म भरल्यावर त्याची प्रिंट मागा आणि तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मंजुरीचं पत्र रोज परीक्षेला सोबत न्या, झेरॉक्स वेगळी. अवनी प्रकाश खटल्यात नीटचा पेपर असाच जादा तास न देता काढून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ ला अन्याय झाला हे मान्य केलं, परीक्षा घेणाऱ्या एनटीएला तो दुरुस्त करायचा मार्ग शोधायला सांगितलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. गेलेला तास गेलाच.

विशेष शिक्षकांवर चिडत नाही. एक माणूस, डझनावारी शाळा, कंत्राटी पगार, स्वतःचं पेट्रोल. प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरामागे एक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयातल्या रजनीश कुमार पांडे खटल्यानंतर कागदावर आलंय. पदं भरा म्हणून न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये पुन्हा कान पिळावे लागले. पण या टंचाईचा फायदा घेऊन "घरीच ठेवा, आम्ही गृहाधारित दाखवतो" म्हणणाऱ्यांवर मात्र जरूर चिडतो. तीव्र किंवा बहुविकलांग मुलासाठी घरून शिक्षण हा शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मुलाला दिलेला पर्याय आहे. पट टिकवून वर्ग रिकामा ठेवायची शाळेची सोय नव्हे ती.

आणि ते साहित्य वाटप! तीन डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, मंडप, हार, माइक, फोटो. सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाची व्हीलचेअर, पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत पाय पोचत नाहीत, बाजूला उशी कोंबून बसवलेली. श्रवणयंत्र दिलं, पण कानाच्या मापाचा मोल्ड नाही, म्हणून ते शिट्टी मारतं. मूल वाढतं तसा मोल्ड बदलावा लागतो हे कुणी सांगितलेलं नाही. बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते, पुढची आणायची कुठून हे कुणालाच ठाऊक नाही. यंत्र डब्यात, डबा कपाटात, फोटो फ्लेक्सवर.

तर त्या हमीपत्राचं पुढे काय? प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, दिव्यांग हक्क कायदा, कलम २३. जिल्हा परिषद त्यात आली आणि अनुदानित शाळाही. तक्रार नोंदवहीत नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि राज्य दिव्यांग आयुक्तांचा दरवाजा आहेच, त्यांना समन्स काढण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्याचा पहिला दंड दहा हजारांपर्यंत, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख, कलम ८९. शिवाय याच कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हा शिक्षण कार्यालयात फक्त दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि सोयी बघायला एक नोडल अधिकारी असायला हवा. आधी त्याचं नाव विचारा. "तसं कुणी नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, तक्रारीचा पहिला मुद्दा तोच.