कोण बघतंय एवढं? मी बघतोय ना!

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि माझा अंगठा नि तर्जनी सुपरग्लूने एकमेकांना चिकटलेली आत्ताच कोमट पाण्यात बुडवून सोडवलीयेत, त्यामुळे टायपिंगमध्ये चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण आज बोलणार. एका मालवॅगनच्या मॉडेलपायी माझे सलग पाच रविवार गेलेत. एका!

बॉक्सएन हो. ती उघडी, तपकिरी, कोळशाची वॅगन, फाटकावर अडकलो की आपण सगळेच मोजतो ती. मी मूळचा भुसावळचा, तिथे दीपनगरच्या पॉवर स्टेशनला कोळसा जायचा आणि संध्याकाळी बाबांबरोबर पुलावर उभं राहून रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, मोजणे हा आमच्याकडचा टाइमपास. अठ्ठावन्न वॅगन आणि मागे गार्डचा डबा. सत्तावन्न भरल्या तर माझंच चुकलं असं धरून पुढच्या गाडीची वाट बघायची. मग शाळेत असताना काकांनी पुण्याला कोथरूडमध्ये जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला नेलं आणि माझ्या डोक्यात हा किडा शिरला तो आजतागायत वळवळतोय.

आता खरी वॅगन कपलरपासून (डबे जोडायच्या आकड्यापासून) कपलरपर्यंत १०.७ मीटर, म्हणजे आमच्या १:८७ च्या एचओ स्केलला साधारण १२३ मिलिमीटर. पूर्ण ५८ ची रेक केली तर सात मीटरच्या वर जाते आणि डोंबिवलीतला आमचा हॉल बारा फुटांचा, त्यातही सोफा. म्हणून ठरवलं होतं की सहाच करायच्या, पण अशा करायच्या की भुसावळ यार्डातल्या माणसाने बघितलं तरी मान हलवली पाहिजे. सुरुवातीला एकच किट मागवलं. तेवढी अक्कल दाखवली हे नशीब.

ज्यांच्याकडून मागवलं त्यांचं नाव घेणार नाही. खोका उघडला तर आत थ्रीडी प्रिंटची बॉडी, दोन कॅसनब बोगी (चाकं बसवायच्या खालच्या चौकटी), एका झिपलॉक पिशवीत बारीकसारीक चुरा (यातले पार्ट कुठले आणि तुटलेले सपोर्ट, म्हणजे प्रिंटचे टेकू, कुठले हे तुम्हीच ओळखा, बुद्धीला चालना!), एक डेकलची, म्हणजे पाण्याने चिकटवायच्या छापील अक्षरांची, शीट आणि एक ए-फोर कागद. कागदावर तयार वॅगनचा फोटो आणि खाली एक ओळ, उरलेले पार्ट फोटोप्रमाणे लावावेत. फोटो काढलाय तो एका बाजूने. दुसऱ्या बाजूला काय येतं ते बहुतेक स्वप्नात दिसणार. आणि चाकं? चाकं वेगळी घ्यायची. कपलर वेगळे घ्यायचे. वजन आपलं, रंग आपला, डोळे आपले. अरे मग किट कशाला म्हणता, उद्या मिसळपाव मागवली आणि हॉटेलवाल्याने नुसती वाटी आणून ठेवली तर चालेल का?

बरं चाकं. बॉक्सएनचं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे आपल्याला साडेअकरा हवं. बाजारात सहज मिळतात ती एकतर अमेरिकन साडेदहाची नाहीतर युरोपियन ११ ची, कारण आपलं चाक बनवायला कोणाला वेळ आहे. ठीक आहे, ११ ची मागवली बाहेरून. बाहेरून म्हणजे काय तर खेळण्यांवरची ड्युटी, जी २०२० ला २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ ला ७०, वर टॅक्स, वर कुरिअरवाल्याचा चार्ज. कारण सरकारी यादीत स्केल मॉडेलही खेळण्यातच मोडतं. मी बेचाळीस वर्षांचा आहे, माझे गुडघे वाजतात, आणि मी चार चाकांच्या जोड्यांवर खेळणं म्हणून ड्युटी भरतोय. बरं, आली चाकं, बोगीत घालायला जातो तर एक्सल लांब. जोर लावला तर प्रिंट फाकते, कमी जोर लावला तर चाक फिरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "सर थोडं फाइल करून घ्या, क्राफ्ट्समन किट आहे." म्हणजे कारागिराचं किट. म्हणजे चूक तुमची पण कारागीर मी.

मग बॉडी. काचेवर ठेवली तर एक कोपरा हवेत, चांगला दीड मिलिमीटर. रेझिनची पातळ भिंत वाकली असेल तर गरम पाण्यात घालून सरळ करता येते हे खरं आहे, मी केली पण, पण त्यासाठी चहाचं पातेलं घेतलं आणि आईने पाहिलं. त्या दिवसापासून त्या पातेल्यात चहा झालेला नाही आणि मला रोज त्याची आठवण करून दिली जाते. कोपरा सरळ झाला, मग दुसऱ्या दिवशी परत उचलला. त्याचं म्हणणं वेगळं होतं बहुतेक.

आणि आता ते हँडब्रेकचं चाक. बॉक्सएनच्या बाजूला असतं बघा गोल, यार्डात माणूस फिरवतो ते. मॉडेलमध्ये मसुराच्या डाळीएवढं, आत बारीक आरे, अप्रतिम प्रिंट होती हो, ते मात्र खरंच सुंदर होतं, त्याबद्दल त्यांना मार्क. सपोर्टवरून कापलं, चिमट्यात धरलं, श्वास रोखला, आणि टिंग्. गेलं. कुठे गेलं? कोणालाच माहीत नाही. सव्वा तास मी मोबाईलचा टॉर्च लावून फरशीवर पालथा पडलो होतो, सोफा सरकवला, झाडूचे केस विंचरले, गेल्या वर्षी हरवलेला ब्रेक व्हॅनचा एअर पाइप सापडला, मुलीची कानातली रिंग सापडली, चाक नाही. बायको म्हणाली, "अरे नको लावूस, कोण बघतंय एवढं?" मी काही बोललो नाही कारण सोफा परत जागेवर ढकलायला तिची मदत लागणार होती. किटवाल्यांना विचारलं, स्पेअर मिळेल का. "सर एका किटमध्ये एकच येतं." अरे मला माहितीये एकच येतं, तोच तर प्रॉब्लेम आहे! ज्या वस्तूचा जन्मच उडून जायला झालाय ती पिशवीत दोन घालायला किती खर्च येतो, रेझिनचा अर्धा थेंब? शेवटी रिफिलवर तांब्याची तार गुंडाळून रिंग केली आणि आत तारेचे चार तुकडे सोल्डर केले. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पहिले दोन जिलबीसारखे दिसत होते.

वजनाचं तर कोणी सांगतच नाही. अमेरिकन मॉडेलवाल्यांचा हिशोब आहे की गाडीला एक औंस आणि वर प्रत्येक इंचाला अर्धा, म्हणजे या वॅगनला ९७ ग्रॅमच्या आसपास पाहिजे. माझी भरली ३१. पंख्याच्या वाऱ्याने रुळावरून उतरेल! पंक्चरवाल्याकडून टायर बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या आणल्या पाच-पाच ग्रॅमच्या, त्या तळाशी लावल्या आणि वर खऱ्या कोळशाचा चुरा, खलबत्त्यात कुटलेला (पातेल्यावरून शिकलोय, खलबत्ता नवीन विकत आणला). म्हणजे भरलेली वॅगन चालेल. रिकामी करायची असेल तर वजन लपवायचं कुठे, डोक्यावर?

रंगाचं थोडक्यात सांगतो कारण बीपी वाढतं. जुलै, डोंबिवली, स्प्रे. हवेतल्या दमटपणाने वर पांढरी साय धरली, घासलं, परत मारलं, परत साय. शेवटी बाथरूममध्ये हेअर ड्रायर लावून जमवलं.

आणि एवढं सगळं करून, एवढं सगळं करून, काल रात्री डेकल लावले. पाण्यात भिजवले, सरकवले, ब्रशने दाबले, एकही फाटला नाही. बाजूला मध्य रेल्वेचं "सीआर", खाली अकरा आकडी नंबर, दोन्ही बाजूंना. लांबून बघितलं आणि खरं सांगतो, घशात काहीतरी आलं. मग जवळ जाऊन नंबर वाचला.

वॅगनच्या नंबरात पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे. मध्य रेल्वे म्हणजे ०१. यांनी छापलंय ०८. ०८ म्हणजे पश्चिम! वर सीआर आणि खाली पश्चिम! मी शेवटचा आकडा पण तपासला, तो चेक डिजिट, म्हणजे नंबर पडताळायचा आकडा असतो, सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिप्पट करायची, त्यात विषम जागांची बेरीज मिळवायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा. तो बरोबर निघाला. म्हणजे बघा, कुठल्यातरी खऱ्या पश्चिमच्या वॅगनचा फोटो बघून नंबर जसाच्या तसा उचललाय आणि शेजारी सीआर चिकटवलंय. लगेच मेसेज टाकला, रात्री साडेअकराला. आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, एरवी दोन दिवस लागतात.

"सर कोण बघतंय एवढं 😊"

मी बघतोय! मी, अठ्ठावन्नच्या सत्तावन्न झाल्या तर पुढच्या गाडीची वाट बघणारा माणूस, मी बघतोय ना! पैसे माझे, डोळे माझे, मीच बघणार, दुसरं कोण येणार आहे बघायला, रेल्वेमंत्री? गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १९.३ मिलिमीटरच्या जागी १६.५ आहे तेही मी गिळलंय, कारण एचओचा रूळच तेवढा येतो, तिथे इलाज नाही. पण ०८ च्या जागी ०१ छापायला काय लागत होतं? शाई कमीच लागली असती!

आता ८ चा १ करायचा. पण चौथ्या जागेवरचा ८ जाऊन १ आला की तिप्पटीच्या हिशोबात एकवीस कमी होतात आणि चेक डिजिटही एकने वाढतो, १ चा २ होतो. म्हणजे दोन आकडे बदलायचे. शीटवर जादा आकडे? नाहीत, अर्थातच नाहीत. मग काय, दुसऱ्या बाजूच्या नंबरातला एक १ आणि एक २ ओल्या इअरबडने मऊ करून, टूथपिकने उचलून, इकडे आणून लावला. पावणेदोन तास लागले. इकडची बाजू आता बरोबर आहे, तीनदा बेरीज केली. तिकडच्या बाजूला नऊच आकडे उरलेत, ती भिंतीकडे करून ठेवलीये, आणि सकाळी कोणी उचलून बघितली तर याद राखा.