पट्टा खुंटीला, गळा सोनोग्राफीला

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, नवीन रुजू झालात? अभिनंदन. पहिलं काम म्हणजे थायरॉइड कॉलर, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला किरणांपासून वाचवणारा तो पट्टा, खुंटीला टांगा. मान घामेजते, शिवाय सिनियर सर स्वतः घालत नाहीत. तुमचा गळा काय सोन्याचा लागून गेलाय? पेशंटच्या अंगावरून उसळलेले किरण आपल्याकडे येतात आणि अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, हे परीक्षेपुरतं ठीक होतं. इथे टेबलाला खेटून उभे राहा. मागे सरकलात तर सर म्हणतील, पोरगं भित्रं आहे.

अंगाला किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बॅज किरण अडवणाऱ्या ॲप्रनच्या आत छातीवर लावायचा असतो. तुम्ही तो ड्रॉवरमध्ये ठेवा. तीन महिन्यांनी मोजायला गेला की आकडा शून्याच्या आसपास येतो. पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) ही मर्यादा आजवर एकाही ड्रॉवरने ओलांडलेली नाही. (दुसराही एक पंथ आहे. त्यांचा बॅज एक्स-रे रूममध्येच लटकत राहतो, डोस भरमसाट निघतो, आणि मग खुलासा लिहावा लागतो की डोस बॅजला लागला, माणसाला नाही. आमच्या क्लार्कला तो मजकूर तोंडपाठ आहे.)

आता वाट पाहा ८ नोव्हेंबरची. १८९५ साली याच दिवशी रोंटगेनला एक्स-रे सापडले, म्हणून तुमच्यासाठी मोफत थायरॉइड सोनोग्राफी शिबिर. मांडव, बॅनर आणि पोह्यांच्या खर्चात चार कॉलर आल्या असत्या, पण कॉलरवर अधीक्षकांचा फोटो छापता येत नाही.

रांगेत मामा, मावशी, सिस्टर सगळ्यांना उभं करा. किरणांना थायरॉइड हळवी असते ती मुख्यतः लहानपणी, चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर थायरॉइडचा कॅन्सर वाढला तोही तेव्हाच्या मुलांमध्ये, असं कुणी कुजबुजलं तर त्याला पोहे द्या. गळ्यावर प्रोब फिरवला की बऱ्याच मोठ्या माणसांच्या थायरॉइडमध्ये बारीकसारीक गाठ दिसतेच, मग तो कॅथ लॅबमधला असो वा कॅन्टीनमधला.

दक्षिण कोरियाचा आदर्श ठेवा. तिथे १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासण्या सुरू झाल्या. त्यात थायरॉइड नव्हती, पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत तिची सोनोग्राफी जोडून दिली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३च्या पंधरा पट झालं. त्याने मरणारे होते तेवढेच राहिले. बहुतेकांच्या ग्रंथी मात्र ऑपरेशन करून काढल्या गेल्या: रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, काहींचं कॅल्शियम घसरलेलं, काहींचा आवाज कायमचा बसलेला. आवाज बसला की कॉलर मागायलाही कुणी येत नाही, हा प्रशासनाचा फायदा वेगळाच.

तर, तुमच्याही गळ्यात गाठ निघाली की भरपाईचा अर्ज करा आणि कारण लिहा, ‘रेडिएशन’. साहेब तुमच्याच बॅजचे रिपोर्ट समोर ठेवतील. सगळे शून्याच्या आसपास. ड्रॉवरची तब्येत एकदम ठणठणीत आहे.