‘औपचारिकता’ हा शब्द खटकला

आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या खालच्या विभागांतील स्पर्धा ही निव्वळ औपचारिकता असते, हे लेखातील विधान पटले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नामिबियात झालेल्या जागतिक क्रिकेट लीगच्या दुसऱ्या विभागाच्या स्पर्धेत कॅनडाविरुद्ध १९५ धावांचा पाठलाग करणाऱ्या नेपाळचे १४४ धावांवर नऊ गडी बाद झाले होते, आणि मी (बहुतेक सगळ्यांप्रमाणेच) सामना सोडून दिला होता. करण केसीने संदीप लामिछानेला साथीला घेऊन अगदी शेवटच्या चेंडूवर विजय खेचून आणला, तेव्हा फोनवरचा धावफलक मी दोनदा तपासून पाहिला.

त्या एका चेंडूमुळे नेपाळ विश्वचषक पात्रता स्पर्धेत पोहोचला आणि पुढच्याच महिन्यात त्याला एकदिवसीय दर्जा (अधिकृत एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा मान) मिळाला. कॅनडाची संधी मात्र तिथेच हुकली.