वजा नऊ घोडे

परवा डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं पळवून गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, माझ्या गाडीने ६१ हॉर्सपॉवर दाखवली. टर्बो बसवण्याआधी ह्याच रोलरवर ती ७० दाखवत होती. म्हणजे सात महिन्यांचे रविवार, दोन्ही मनगटांवरची कातडी आणि घरातली उरलीसुरली पत खर्चून मी नऊ घोडे हाकलून दिले. पण राग त्याचा नाही. राग काकांचा आहे.

काका चाकांचं अलाइनमेंट करायला आले होते. जमिनीत रोलर दिसले, रोलरवर गाडी दिसली, एवढ्यावर त्यांची खात्री पटली. आपली छोटी गाडी माझ्यामागे नंबरात लावून, खुर्ची ओढत ते माझ्या शेजारी येऊन बसले. डायनोवर गाडी पट्ट्यांनी करकचून बांधलेली असते, तोंडासमोर मोठा पंखा लावलेला असतो आणि आत ट्यूनर, म्हणजे इंजिनाची सेटिंग जुळवणारा, लॅपटॉप सांभाळत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बसलेला असतो. काकांनी हे सगळं नीट पाहिलं आणि विचारलं,

"चावते का?"

"कोण?"

"गाडी. बांधून ठेवलीय म्हणून विचारलं."

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण स्वतःच्या हाताने टर्बो बसवलेल्या माणसाला ऐकणारा भेटत नाही. घरात विषय काढायची सोय राहिलेली नसते. मी सुटलोच. एक्झॉस्टमधून जो गरम वायू वाया जातो तो एका चक्रीवर सोडायचा, तिच्याच दांड्यावर पलीकडे दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. मिनिटाला लाखाच्या वर फेरे, काका, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत!

काकांनी मान डोलावली. "म्हणजे आपलाच सोडलेला श्वास आपणच परत घ्यायचा."

"नाही, धूर वेगळा, हवा वेगळी."

"मला डॉक्टरांनी एक खेळणं दिलंय. नळीतून श्वास ओढायचा, तीन गोळे वर जायला पाहिजेत. माझे दीड जातात. हिचे किती जातात?"

तेवढ्यात ट्यूनर खाली उतरला. पंचविशीतला मुलगा, माझ्याशी बोलताना डॉक्टरांचा आवाज काढतो. "दादा, ६१."

"शंभरपैकी?" काका म्हणाले.

आता थोडं हिशेबाचं. 'स्वस्तातला टर्बो' ह्या विषयावरचे व्हिडिओ मी दोन वर्षं पाहिले. त्यातला दाढीवाला नेहमी सांगतो की हा पाइप माझ्याकडे असाच पडला होता. त्याच्याकडे लेथसुद्धा असंच पडलेलं असतं. वेल्डिंग मशीन पडलेलं असतं, गाडी उचलायची लिफ्ट पडलेली असते. माझ्याकडे एक जॅक होता आणि तो हळूहळू उतरायचा. टर्बो मात्र खरंच स्वस्त पडला, भंगारातल्या डिझेल गाडीचा. दांडा हलवून पाहिला, फारसा लडबडला नाही, उचलला. नवरदेव जवळजवळ फुकटात मिळाला. बुडवलं ते वऱ्हाडाने. गॅस्केट, स्टड, फ्लँज, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, वाइडबँड सेन्सर, जाड हेड गॅस्केट, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा जादा दाब, द्यायचा तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन स्वतः हवा दाबतं ते प्रमाण, थोडं उतरवलेलं बरं. व्हिडिओत ह्यातल्या कशाचाही खर्च धरलेला नसतो. तीन वेळा चुकीचे बोल्ट आणले, त्याचा तर मीही धरलेला नाही.

त्यात तेलाची परतीची नळी. टर्बोत तेल पंपाच्या दाबाने जातं, पण बाहेर पडताना त्याला मागून ढकलणारं कुणी नसतं. फेसाळलेलं तेल आपल्या वजनानेच ऑइल पॅनमध्ये उतरतं, म्हणून ही नळी रुंद आणि सरळ उताराची हवी. मी बारीक लावली, वर एका ठिकाणी चढावही दिला. तेल तुंबलं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये गेलं आणि पार्किंगमध्ये निळा धूर पसरला. १९७७ साली रेनोने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी उतरवली, ती धूर सोडत इतक्यांदा बंद पडली की लोक तिला 'पिवळी किटली' म्हणू लागले. हे वाचून मला धीर आला होता. पण रेनोच्या मागे अख्खी कंपनी होती, माझ्या मागे सोसायटीचे चेअरमन होते.

असो. ६१ का आले, हे दुसऱ्या फेरीत कळलं. ३,५०० आरपीएमला 'फट्' असा आवाज झाला, इंजिन काळं खोकलं, आणि काका खुर्चीसकट मागे सरकले.

"गेली?"

गेली नव्हती. इंटरकूलरचा सिलिकॉन होज पाइपावरून निसटला होता. पहिल्या फेरीत तो नुसता गळत होता, म्हणून बूस्ट चढलाच नाही. कॉम्प्रेशन उतरवलेलं, इग्निशन मागे खेचलेलं, म्हणजे ठिणगी उशिरा, वर एक्झॉस्टच्या वाटेत टर्बोचा अडथळा. मग इंजिन मूळच्यापेक्षा मंद होणार नाही तर काय होईल? पाइपाच्या तोंडाला होज अडकायला उंचवटा लागतो, तो मी केलाच नव्हता. आणि क्लॅम्प सगळ्यात स्वस्तातला घेतला होता. सात महिने मी मोठमोठ्या वस्तूंवर घासाघीस केली आणि आपटलो तो चार बोटं रुंद रबराच्या तुकड्यावर.

सगळं तापलेलं असल्याने अर्धा तास हात लावता येणार नव्हता. त्या अर्ध्या तासात काकांनी माझी उलटतपासणी घेतली. त्यांची नजर ट्यूनरच्या स्क्रीनवर होती.

"हे ११.५ काय आहे?"

मी सांगितलं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, पण बूस्टमध्ये मुद्दाम साडेअकरा-बारावर ठेवतात. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, ते आतली उष्णता शोषतं. नाहीतर उरलेलं मिश्रण आपलं आपणच भडकतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनची वाट लागते.

"म्हणजे जे जळणार नाही ते पेट्रोल तू ओततोस."

"हो."

"आणि ६१."

मी चिडून थेट इतिहासात शिरलो. म्हटलं, १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी विकायला आली, तिचं इंजिन असं भडकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक भरायला विसरायचे, मग गाडी बूस्ट द्यायची नाही. शेवटी कंपनीनेच मालकांना टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायला सुरुवात केली.

काका बराच वेळ विचारात पडले. "म्हणजे हे तेव्हाच कळलं होतं सगळ्यांना."

ट्यूनर हसला. मी त्याला पैसे देत होतो, तरी हसला. आणि वेळ घालवायला म्हणून त्याने काकांची गाडी रोलरवर घेतली. अलाइनमेंट शेजारच्या गॅरेजात होतं, हे त्याने दोनदा सांगितलं, काकांनी दोन्हीदा "चालेल, चालेल" म्हटलं. कंपनीतून आली तशी गाडी, मागच्या काचेला जाळीचा पडदा, डॅशबोर्डवर टिश्यूचा डबा.

६३.

मग होज बसवायची वेळ आली. ट्यूनर म्हणाला, पाइपावरचं तेल पुसून हेअरस्प्रे मारा, वाळला की चिकट धरतो, जुना उपाय आहे. हेअरस्प्रे कुणाकडे असणार? डोक्यावर नावाला केस नसलेले काका उठले आणि गाडीच्या कप्प्यातून डबा घेऊन आले. "मुलीचा आहे. ठेव तुझ्याकडे, तुला परत लागेल."

जाताना त्यांनी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून पाहिलं. "बघ, केवढा फरक पडला. हातात कशी हलकी लागतेय!"

नवा क्लॅम्प मागवला, होज बसला, अर्धा बार बूस्ट चढला आणि ९७ आले. बघायला कुणी नव्हतं. ट्यूनर फोनवर होता.

मी काकांच्या मागे धावणार होतो, कारण तेव्हा कुठे लक्षात आलं. ट्यूनरने त्यांना ग्राफ छापून दिला तो दोन्ही गाड्यांचा एकाच कागदावर, तुलनेसाठी. काकांनी त्याची चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली होती, घरी दाखवायला. त्यातली वरची हिरवी रेघ त्यांची. खालची लाल माझी.