मोजणीत बसेल असंच खोका

सकाळी उठल्या उठल्या खिडकी उघडू नका, आधी मोबाइल उघडा. हवेचा निर्देशांक ९८ दिसतोय? म्हणजे हवा ‘समाधानकारक’ आहे. तरीही घसा खवखवत असेल, तर तो घशाचा आगाऊपणा.

हवेतले पीएम २.५ हे बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. दिवसाच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत ते आपल्याकडे चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हाच आकडा १५ वर आणला. पण आपली फुप्फुसं पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे शेकून निघालेली; त्यांना ६० ची, २००९ सालची मर्यादा अजून अंगाला बसते.

सरासरीचं गणित मात्र शिकून घ्या. निर्देशांक चोवीस तासांचा असतो. पहाटे फिरायला गेलात आणि कचऱ्याचा धूर छातीत भरला, तर लगेच धापा टाकू नका. दुपारी वारा सुटेल, हवा निवळेल, मग दोन्हींची सरासरी काढून काय तो दमा लागू द्या. निर्देशांक ५०० वर थांबतो. तुम्हीही त्यापुढे गुदमरू नये, नोंद होणार नाही.

आजारी पडायचंच असेल, तर जाड धुळीने पडा. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची कामगिरी जोखतात ती पीएम १० वर, म्हणजे या जाड धुळीवर. टँकरने रस्ता भिजवला की ही धूळ खाली बसते आणि शहर पास होतं. बारीक कण थेट रक्तापर्यंत पोचतात, गुणपत्रिकेपर्यंत नाही.

मरणाला तर फारच तयारी लागते. केवळ प्रदूषणामुळेच मृत्यू झाला असं सिद्ध करणारी निर्णायक माहिती नाही, असं उत्तर सरकारने संसदेत पुन्हा पुन्हा दिलं आहे. ‘केवळ’ या शब्दाकडे लक्ष असू द्या. तेव्हा आधी रक्तदाब, साखर, तंबाखू सगळं निस्तरा. नाहीतर दाखल्यावर हृदयविकार लिहून मोकळे होतील.

अमेरिकेत २००३ साली पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, हवा स्वच्छ करण्याचा फायदा मोजणाऱ्या एका हिशेबात सत्तरीपुढच्या जिवाची किंमत ३७ लाख डॉलरऐवजी २३ लाख धरली होती. म्हातारे खवळले, हिशेब मागे घ्यावा लागला. आपल्याकडे हा भेदभाव नाही, कारण किंमत लावण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. ज्येष्ठांना सवलत फक्त एसटीत, पंचाहत्तरीनंतर तर फुकटच. स्टँडवर गाडी धूर सोडत उभी असेल. रुमाल तेवढा घरून न्या.